मार याडी

भांडाले कारन लागते असं लोकाईले वाटते. मले लागत नाई. त्या साली तं बिलकुलच लागत नव्हतं. सकाळी कोंबडी आडवी गेली की कोंबडीशी भांडन, अन् कोंबडी पळाली की जिची कोंबडी तिच्याशी. तांड्यातल्या बाया मले दुरून पाह्यलं की रस्ता बदलत.

खरं म्हनाल तं कारन होतं, पर ते कोनाले सांगाव? त्या साली माही चूल माह्या हातातून गेली. माही सून जमनी भल्ली गुनाची पोरगी. हेच तं वांधे! वाईट असती तं तिच्याशी भांडून दिवस काढले असते. मी दळाले बसली की म्हने, "तू बस, मी दळते." सरपनाले निघाली की म्हने, "तू बस, मी आनते." पोरगा लखीराम बी तेच म्हने. पन्नाशीची बाई म्हनजे काय पोतं हाये, भितीले टेकवून ठेवाले? जन्मभर डोक्यावर मोळी घेऊन दिग्रसच्या बाजारात गेली मी. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर मोळ्या इकता इकता मराठी शिकली. भाव कराची मराठी अन् शिव्या द्याची मराठी. तिसरी लागली नाई कधी.

मंग शाळा आली. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. शाळा म्हनजे काय, देवीच्या देवळामांगं कुडाची एक खोली. मास्तरीण शीलाबाई यवतमाळची, वीस-एकवीस वर्साची, अंगानं कापसाच्या पऱ्हाटीची काडी. दिग्रसवरून मोटारीनं येई, सडकेवर उतरे अन् वावरातून चालत तांड्यात येई. आमचा नायक भीमसिंग तिले पाहून म्हनला, "हे काय शिकवीन? हिलेच कोनीतरी शाळेत पाठवा." तरी त्यानं येऊ देलं.

आता मजा आयका. त्या कुडाच्या भितीमांगं सावली भल्ली गार. मी कांचळीले, म्हनजे आमच्या चोळीले, आरसे टाकाचं काम घेऊन तठी बसाले लागली. आतून आवाज येई, क का कि की, ख खा खि खी. पयले म्हनलं, हे काय मांजरीवानी लावलं! मंग एक दिवस सुई हातात अन् तोंडातून आपोआप निघालं, ग गा गि गी. माय वं! काय गोड लागलं जिभेले! दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, अन् संक्रांत येईस्तोवर साऱ्या बाराखड्या मले पाठ. रानात बकऱ्याईले म्हनून दाखवत होती. ज्या दिवशी बाराखडी होई, त्या दिवशी मी कोनाशीच भांडत नव्हती. जमनीले वाटलं मले ताप आला.

पर आत जाची हिंमत झाली नाई. माहा नातू धावजी त्याच शाळेत. नातवासंग पाटी घेऊन बसली असती तं होळीले लेंगी नाचताना बायाईनं माहंच गानं केलं असतं. म्हनून भितीमांगंच बसली. आवाज सारे माहे झाले, पर एकाही अक्षराचं तोंड पाह्यलं नव्हतं. क म्हनाले येई, पर क दिसते कसा, ते देवालेच ठाऊक.

अन् एक दिवस धावजीनं बाजूच्या पोरीची वेनी ओढली. शीलाबाईनं दटावलं, हात उचलला. धावजी घाबरून बोंबलला, "मार याडी! मार याडी!" अन् चटकन आवाज आला. असा चटका की माह्या बोटात सुई गेली.

मी गेली ना आत! पयल्यांदा त्या दारातून गेली, ते अशी. धावजीच्या गालावर पाची बोटं उठलेली.

"कायले मारलं वं लेकराले?" म्या इचारलं.

शीलाबाईचा चेहरा लालबुंद. "आजी, मी हात नुसता उगारला होता. तोच म्हणाला, मार, येडी! मार, येडी! एवढंसं पोर मला येडी म्हणतं, आणि वर मार म्हणतं! मग दिली ठेवून!"

मी तोंड उघडलं शिवी द्याले, अन् निघालं हासू. अशी हासली, अशी हासली की कुडाले धरून उभी राह्यली.

"अवं बाई! याडी म्हनजे माय वं! आमच्या बंजाऱ्याईच्या गोरबोलीत 'मार याडी' म्हनजे 'माही माय'. पोरगं मायले हाका मारून राह्यलं होतं, अन् तू 'मार' म्हनते समजून मारलं!"

तिच्या तोंडचा रंगच उडाला. "म्हणजे... मी रोज बोलते ते यांना..."

"अर्धं बी समजत नाई. पोपटावानी म्हनतात तुह्या मांगं."

"आणि मला वाटलं, मुलंच मठ्ठ आहेत." असं म्हनून ते धावजीपाशी गेली, खाली बसली. पर तेवढ्यात जमनी आली वाघिनीवानी. पोराचा गाल पाह्यला, पोराले काखेत मारलं अन् बोंबलत गेली. तांडा पेटला. नायकाचा मानूस आला अन् शीलाबाईले म्हनला, मोटार धर अन् घरी जाय, परत येजो नको. पोरगी रडत रडत पिशवी घेऊन सडकेले लागली. मोटार याले अजून टाइम होता. मी काही सांगाव म्हनलं तं आयकते कोन?

चिंचेखाली नसाब बसला. नसाब म्हनजे आमची तांड्याची पंचायत. तठी मानसं बोलतात, बाया दूर उभ्या राहून आयकतात. बोलनं झालं सारं गोरबोलीत, तुमच्यासाठी मराठीत सांगते. भीमसिंग नायक म्हनला, "उद्यापासून शाळा बंद. पोट्टे बकऱ्या चारतीन."

धावजीचं काय, त्याचं अख्खं आयुष्य पडलं हाये, आज नाई तं उद्या शिकन कुठीतरी. मी कुठी जाऊ? माही तं हेच एक शाळा, अन् तेबी भितीमांगची.

"थांबा!" मी बोलली.

साऱ्या माना वळल्या. माहा नवरा खेमसिंग पयल्या रांगीत बसलता, त्यानं डोयेच मिटून घेतले. म्या याडी अन् येडीची सारी गोष्ट सांगितली. दोन-चार मानसं हासली बी. पर नायक पक्का.

"भुरीबाई, तुले काय माहीत आत काय झालं? तू कुठी होतीस?"

आता आली का पंचाईत! खोटं बोलता आलं असतं. पर मंग माह्या बोलन्याले कोन इचारते?

"भितीमांगं होती," म्या म्हनलं. "रोज बसते. शाळा सुरू झाली तवापासून."

"कायले?"

"शिकाले."

असा हाशा पिकला की चिंचेवरचे कावळे उडाले. "बुढी शिकून राह्यली! घोडीले आता शिंगं फुटतीन!" खेमसिंग डोयेच उघडेना. नायकानं हात वर केला, म्हनला, "बरं, शिकली ना? मंग दाखव."

म्या कमरेवर हात ठेवला अन् सुरू केलं. क का कि की पासून. आवाज तं देवानं मले देलाच हाये. ख झाला, ग झाला, च झाला. हासनं थांबलं. म झाला, य झाला. पोट्टे पुढी येऊन बसले, माह्यासंग म्हनाले लागले. ज्ञ ज्ञा करून थांबली. खेमसिंगचे डोये उघडे, तोंड बी उघडं.

मंग नायकानं कमरेचा तंबाखू काढला. अखबाराच्या तुकड्यात बांधलेला. तंबाखू हातावर घेतला अन् कागद माह्यापुढी धरला. "वाच."

म्या कागद घेतला. कायेकाये किडे नुसते. त्याच्यात माहा क कुठी, माहा म कुठी? मी पाह्यत राह्यली. लखीराम जिनिंगमधी थोडंबहुत वाचाले शिकलता. तो हळूच म्हनला, "याडी, उलटा धरला."

पुन्हा हाशा. या वेळी जास्तीच. अन् मले काय झालं मालूम नाई. रडू येऊन राह्यलं होतं, पर माह्या डोयातून पानी निघन्याआधी तोंडातून जाळ निघते, माहा सभावच तसा.

"हासा!" मी वरडली. "नाई येत मले! म्हनूनच तं शाळा पायजे! येत असतं तं तुमच्यापुढी नाक घासाले आली असती का? जन्मभर तुमच्या बाट्या भाजल्या, मोळ्या वाह्यल्या, पोरं काढली. आता सारे म्हनतात, तू बस. कायले बसू? मरन येईस्तोवर वाट पाह्यत? मले शिकाचं हाये! आयकलं? मले शिकाचं हाये, अन् लाज वाटत नाई मले!"

लाज वाटत होती. पर बोलल्यावर वाटेनाशी झाली, हे खरं.

तेवढ्यात मांगून बायाईतून जमनी पुढी आली. कडेवर धावजी, त्याचा गाल अजून लाल. डोक्यावरचा पदर सावरून म्हनली, "गाल माह्या पोराचा हाये. बाईले माफी मी देते. शाळा राहू द्या." अन् माह्याकडे पाहून म्हनली, "मले वाटे थकली असन, म्हनून बस म्हनत होती." एवढं बोलून ते लेकरावानी रडाले लागली. सासू-सुनेचं भांडन जन्मात झालं नाई, अन् त्या दिवशी गळ्यात पडलो आम्ही साऱ्या नसाबापुढी.

नायकानं दाढी खाजवली. "शाळा राहीन," तो म्हनला. "पर मास्तरीण बोलन ते पोट्ट्याईले समजाले पायजे. भुरीबाई आत बसन. मास्तरनीचं बोलनं आपल्या बोलीत सांगन."

"मंग बकऱ्या कोन चारन?" माहा नवरा खेमसिंग इतका वेळ मुका, तो आता बोलला!

"तू," म्या म्हनलं, अन् सडकेकडे पळत सुटली.

पळत म्हनजे काय सांगू! वावरात पऱ्हाट्या उभ्या, घागरा अडके, चुड्या खळखळ वाजत, छाती फुटाले आलेली. धुळीचा लोट दिसला. दिग्रसची मोटार थांबली, शीलाबाई चढली, घंटी वाजली. मी सडकेच्या मधात जाऊन दोन्ही हात पसरले. डायवरनं कचकन ब्रेक मारला अन् डोकं बाहेर काढून शिव्या देल्या. त्याच्याहून चांगल्या मले येत होत्या, पर दम पुरत नव्हता.

कंडक्टर उतरला. "ए बुढे! मराले दुसरी मोटार नाई भेटली का?"

"मराले नाई आली. ते बाई उतरव खाली."

"कोन, ते रडून राह्यली ते? तुही लेक हाये का सून?"

खिडक्यातून सारी मोटार पाह्यत होती. बाजाराले चाललेले लोक, एक फेटेवाला पाटील, जिनिंगवर सरकी वेचनाऱ्या दोन बाया, मले ओळखनाऱ्या. नातवाची मास्तरीण हाये, असं ओठावर आलं. ते सांगाले सोपं होतं.

"मास्तरीण हाये," म्या म्हनलं. "माही."

"तुही?"

"बहिरा हाये का? माही! माही मास्तरीण हाये, अन् मले शिकवल्याबिगर ते कुठी जात नाई!"

फेटेवाला हासला, पर जिनिंगच्या बायातली एक त्याले अशी बोलली की तो खिडकीबाहेर पाहाले लागला. शीलाबाई दारात आली. डोये सुजलेले.

"आजी, त्यांनीच मला जा सांगितलं."

"आता ये म्हनून राह्यले."

"पण मला मुलांची बोली येत नाही."

"अन् मले तुहं अक्षर येत नाई. फिटमफाट! उतर."

ते उतरली. मोटार गेली. धूळ बसेस्तोवर आम्ही दोघी सडकेच्या काठाले उभ्या होतो. म्या तिले सारं सांगितलं, भितीमांगचं, चिंचेखालचं, उलट्या कागदाचं. ते खाली बसली, पऱ्हाटीची एक काडी मोडली अन् धुळीत काढाले लागली. एक उभी रेघ, तिच्या एका बाजूले गोल पोट, दुसऱ्या बाजूले वाकडी शेपटी, अन् डोक्यावर आडवी रेघ.

"हा क," ते म्हनली.

मी खाली वाकली. त्याच्यावर बोट ठेवलं. इतके महिने ज्याले नुसतं आयकलं होतं, तो हा! त्याच्या साऱ्या रेघा बोटानं गिरवल्या. मंग म्हनलं, "अजून काढ." तिनं ख काढला. मी म्हनलं, "अजून."

सूर्य वावरात उतरला तरी ते काढत होती अन् मी बोट ठेवून मोठ्यानं म्हनत होती. तांड्यावरून बाया हाका मारत होत्या. मी शीलाबाईले म्हनलं, वरडू दे त्याईले, माही शाळा सुरू हाये.