घंटा थांबली की यंत्र चालतं

अंधशाळेच्या छापखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पालक, शिक्षक, स्वयंपाकघरातल्या बायका, समोरच्या दुकानातले दोघेतिघे, सगळे हात जोडून आणि डोळे मिटून उभे होते. डोळे मिटणं ही बंद पडलेलं यंत्र जागं करायला आलेल्या बाबांची अट होती. अंधशाळेत येऊन अशी अट घालणाऱ्या माणसाबद्दल कुणालाच काही वाटलं नाही, यावरून गर्दीच्या बुद्धीचा अंदाज यावा.

मी तिथे बाइंडर आहे. ब्रेलच्या पानांना पुठ्ठे बांधतो, म्हणून मुलं मला पुठ्ठेकाका म्हणतात. मी डोळे उघडेच ठेवले होते. पण दिसायला होतं काय? टेबलावर संगणक, त्याच्या शेजारी ब्रेल छापायचं जुनं यंत्र, दोन्हींवर तंबूसारखं टाकलेलं जाड काळं कापड आणि त्या कापडाच्या आत घंटा वाजवणारे यंत्रबाबा.

"सिलिकॉन म्हणजे काय? माती!" बाबा आतून गरजले. "माणूस म्हणजे काय? माती! मातीची हाक मातीलाच कळते! कंपनं जुळताहेत... जुळताहेत... जुळली!"

आणि खडखड करत यंत्र चाललं. कागदावर टिंबं उठू लागली. बायकांनी डोळे पुसले. मुख्याध्यापक तर बाबांच्या पायावर जवळजवळ कोसळलेच.

यंत्र वीस वर्षांचं. त्या दिवसाच्या महिनाभर आधी संगणकाने आपणहून अपडेट घेतलं आणि दुसऱ्या सकाळी यंत्र मुकं झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, "म्हातारं झालंय, भंगारात काढा." नवं घेण्याची शाळेची ऐपत नव्हती आणि परीक्षा तोंडावर आलेली. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये निघाल्या नसत्या तर मुलांचं वर्ष बुडालं असतं. अशा वेळी मुख्याध्यापकांच्या मेहुण्याने बाबांना आणलं. मेहुणे नेहमी अशाच वेळी उगवतात.

बाबांनी भरलेला प्राण बरोबर एक आठवडा टिकायचा. मग यंत्र पुन्हा गप्प आणि बाबा पुन्हा हजर.

गणिताच्या बाईंनी एकदा भर सभेत विचारलं, "बाबा, प्राण वेळापत्रक पाळतो का हो?"

बाबांचा चेहरा आंबट झाला. "या बाईंची दृष्ट लागते यंत्राला! यांना खोलीबाहेर ठेवा."

आमच्या गणिताच्या बाई जन्मांध आहेत. जन्मांध बाईची दृष्ट! मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेरच थांबत जा." आणि मी? मीही गप्प बसलो. नोकरी होती ना!

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी ही हकिगत लिहिलीही नसती. सातवीत एक मुलगी होती. तिच्या डाव्या डोळ्याला थोडा उजेड दिसायचा, खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून रोज औषधाचे थेंब घालावे लागत. बाबांनी तिच्या आईला सांगितलं, "यंत्राला जागं केलं, तसा हिचा डोळाही उघडेन. आधी ते विषारी थेंब बंद करा."

दहा दिवसांनी मुलगी वर्गात डोकं गच्च धरून बसली. बाईंनी आईला बोलावून घेतलं. मी पुस्तकं द्यायला तिथे गेलो होतो.

"ताई, आजच्या आज डॉक्टरकडे न्या तिला."

"बाई, मेलेलं यंत्र त्यांनी चालवलं की नाही? सगळ्यांसमोर? डॉक्टर तर मला सांगतात, आहे तेवढंच टिकेल. बाबा म्हणतात, सगळं दिसेल. मी कुणाचं ऐकू?"

बाई म्हणाल्या, "उद्या बाबा येणार आहेत. यंत्र कसं चालतं ते मी उद्या तुम्हाला दाखवलं, तर याल डॉक्टरकडे?"

"येईन," ती म्हणाली.

ती गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "पुठ्ठेकाका, ती घंटा ऐकता ना तुम्ही?"

"गल्लीभर ऐकू येते, बाई."

"मी ती थांबलेली ऐकते. घंटा थांबली की कीबोर्डच्या कळा वाजतात. टाइप करायला दोन्ही हात लागतात, मग घंटा वाजवणार कोण? दर वेळी त्याच कळा, तितक्याच वेळा. त्याने कापड आणलं ते डोळसांसाठी. आमच्यापासूनही लपवायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही."

अंध माणसं संगणक वापरतात ती एका वाचकाच्या मदतीने. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी छापखान्यातल्या संगणकावर तो चालू केला आणि आवाज एका बिनतारी स्पीकरला जोडून स्पीकर पर्समध्ये टाकला.

बाबा आले. काळं कापड पडलं. डोळे मिटले गेले. बाई दारात उभ्या, शेजारी मुलीची आई.

"हे यंत्रदेवते!" घंटा घणघणली आणि थांबली.

बाईंच्या पर्समधून एक शांत, सपाट आवाज आला, "डिव्हाइस मॅनेजर."

गर्दीतले दोनचार डोळे उघडले.

"कंपनं जुळताहेत!" घंटा. शांतता.

"ब्रेल प्रिंटर," पर्स म्हणाली. "ड्रायव्हर. जुन्या ड्रायव्हरवर परत जायचं का? होय."

आता सगळेच डोळे उघडे होते. बाबा मात्र आपल्याच गर्जनेत दंग. "प्राण येतोय, येतोय!"

"अपडेट," पर्सने पुढे वाचलं. "एक आठवडा थांबवा. निवडलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी खोलीच हसली. तो आवाज कापडाआड पोचला असावा, कारण घंटा खाली पडली आणि कळांची धांदल ऐकू आली.

"बंद करा. बंद करा. बंद करा," पर्स म्हणत राहिली.

कापड फेकून बाबा बाहेर आले. "कोण बोलतंय? कुणी बाधा आणली?"

"संगणक बोलतोय, बाबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही जे जे केलंत ते वाचतोय."

मग बाईंनी सगळ्यांना समजावलं. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपलं यंत्र जुन्या नियमांनी बोलतं. अपडेटबरोबर आलेला दुभाषा नव्या नियमांचे प्रश्न विचारतो. यंत्र बनलं तेव्हा ते प्रश्नच नव्हते, म्हणून ते गप्प बसतं. जुना दुभाषा संगणकात अजून आहे. त्याला परत बोलावलं की झालं. बाबा त्याला बोलावत आणि अपडेट फक्त एक आठवडा थांबवत, म्हणजे आठवड्याने पुन्हा बाबांची गरज आणि पुन्हा दक्षिणा.

"पण यंत्र चाललं ना?" मेहुणा तावातावाने म्हणाला.

"चाललं. दोन मिनिटांचं काम आहे. बाबा, तुम्ही ते शिकवलं असतंत, तर शाळेने आभार मानले असते. लपवलंत, म्हणून भोंदू म्हणतेय."

बाबा घंटा न घेताच गेले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मला पहिल्यापासून संशय होता हं." मी म्हणालो, "हो सर, पायावर डोकं ठेवून तपासत होतात."

मुलीची आई हे ऐकायला थांबली नव्हती. लेकीचा हात धरून ती केव्हाच दवाखान्याकडे निघाली होती. दाब उतरला. पण त्या दहा दिवसांत गेलेलं परत आलं नाही. आता तिला खिडकी दिसते ती अगदी समोर उभी राहिली तर.

बाईंनी तो नवा ड्रायव्हर कायमचा अडवला आणि तो लिहिणाऱ्यांना पत्र पाठवलं. प्रश्नपत्रिका वेळेवर छापल्या, पुठ्ठे मीच बांधले. दोन महिन्यांनी एका प्रोग्रॅमर बाईंचं उत्तर आलं: चूक आमची. यंत्र कोणत्या काळचे नियम पाळतं, हे आधी विचारायला हवं होतं. चार ओळी वाढवल्या आहेत. त्या चार ओळींत मंत्र एकही नव्हता.

यंत्र बिघडलं तर बिघाड शोधा. डोळा दुखला तर डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवण्याआधी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले, तर तिथेच विचारा, "का?" उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका.