ओला हात, कोरडा हात

खडखड करत पातेल्यावरचं झाकण उडालं, आणि इतका वेळ भिंतीकडे बघत बसलेली धाकटी दचकून उठली.

"ताई, गॅस बंद कर गं."

पाणी उकळायला लागलं की तिचं हल्ली असंच व्हायचं. तिचं आठ महिन्यांचं बाळ तापानं जाऊन सव्वीस दिवस झाले होते. तेव्हापासून ती आणि तिची दहा वर्षांची चिमी थोरल्या बहिणीकडेच राहत होत्या. थोरली चिमीच्याच शाळेत विज्ञान शिकवायची.

"निदान ताप तरी उतरला होता त्याचा," धाकटी म्हणाली. दिवसातून चारदा म्हणायची. "कपाळ गार लागलं मला. शेवटी त्याला त्रास नाही झाला."

"हो," थोरली म्हणाली. तीही दिवसातून चारदा म्हणायची.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण दारात आली. कडेवर पोर, पोराचे डोळे अर्धे मिटलेले. "तापहारी बाबांकडे नेतेय याला. म्हटलं, तुम्हाला अनुभव आहे, विचारून जावं. ताप खरंच उतरतो ना हो?"

"उतरतो. माझ्या हातानं पाहिलंय," धाकटी म्हणाली. "पुढचं माझं नशीब."

"तिथं करतात तरी काय?" थोरलीनं विचारलं. सव्वीस दिवसांत हे विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

"काही नाही. आईनं ऊन पाण्यात हात घालून बसायचं आणि मग तेच हात लेकराच्या कपाळाला लावायचे."

थोरलीला वर्गातल्या वाट्या आठवल्या.

दर वर्षी पहिल्या तासाला ती टेबलावर तीन वाट्या मांडायची. एकीत गरम पाणी, एकीत कोमट, एकीत गार. गरमातला हात कोमटात घातला की पोरं ओरडायची, "बाई, गार आहे!" गारातला हात त्याच वाटीत घातला की, "बाई, गरम आहे!" मग ती म्हणायची, "म्हणून हात हे मोजमाप नव्हे. आकडा सांगा, एकक सांगा आणि कशानं मोजलं ते सांगा. नाहीतर गुण शून्य."

आता बोलावं, तर धाकटीकडे उरलेलं एवढंसं समाधानही जाणार. गप्प बसावं, तर शिंपिणीचं पोर.

तिनं कपाटातून थर्मामीटर काढला. "चला. मीही येते." धाकटी आणि चिमीही मागोमाग निघाल्या.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात बाबांचा दरबार होता. दारापर्यंत आया आणि लेकरं. मधोमध मोठं घंगाळ, मागे जाड पडदा. बाबांचा आवाज मात्र तुपात तळलेला.

"मी कोण? मी कुणीच नाही! मी लेकराला बोटसुद्धा लावत नाही. ताप मोजायची काच आणि शंका, दोन्ही चपलांपाशी ठेवा. हे पाणी कशानं तापलंय, ठाऊक आहे? सकाळपासून इथं उतरलेल्या तापांनी! हात घाला, आई. लेकराचं नाव घ्या, शंभर वेळा."

शिंपिणीनं पोराला धाकटीकडे दिलं, हात बुडवून शंभर मोजले, पुसून पोराच्या कपाळाला लावले. "अगंबाई! गार झालं की!"

गर्दीतून हुंदके, नमस्कार. थोरलीनं पोराच्या काखेत थर्मामीटर धरला, थोडं थांबून आकडा मोठ्यानं वाचला. "एकशे तीन अंश फॅरनहाइट."

बाबा हसले. "काचेला कुठं काळीज असतं, बाई? आईच्या हाताला असतं. ऐकलंत का, आईचा हात खोटं बोलतो म्हणे!"

"तुम्हाला स्वतःचं मूल आहे का?" मागून एकीनं टोमणा मारला.

थोरलीला नव्हतं.

"मला होतं," धाकटी म्हणाली. "इथूनच नेलं होतं घरी." ती पुढे सरकली. "काय करायचं, ताई?"

"तू नको. दुसरी कुणीही."

"मीच."

थोरलीनं तिला घंगाळापाशी बसवलं. "उजवा हात घाल. डावा कोरडा ठेव."

धाकटीनं शंभर मोजले. बाळाच्याच नावानं. मग हात पुसून दोन्ही तळवे शिंपिणीच्या पोराच्या कपाळावर शेजारी शेजारी ठेवले.

"गेला ना ताप, आई?" बाबांनी गोड आवाजात विचारलं.

"या हाताला गार लागतंय," ती म्हणाली. मग डाव्या हाताकडे बघून म्हणाली, "आणि या हाताला भाजतंय."

कपाळ एकच होतं. एका आजोबांनी काठीनं पडदा सारला. मागे घंगाळ भरायचं पाणी शेगडीवर रटरटत होतं.

"हे बघा, उतरलेले ताप!" आजोबा म्हणाले. "सिलिंडर भरून येतात वाटतं!"

हसणारे हसले. बाबा मागच्या दारानं गेले. शिंपीण पोराला घेऊन दवाखान्याकडे पळत सुटली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

थोरली दारात उभी राहून एकेका आईला सांगत होती, "पोराला हात लावा, जवळ घ्या, पण ताप थर्मामीटरनं मोजा. आकडा वाढला तर डॉक्टरकडे जा. बाळ तान्हं असेल तर आकड्याचीही वाट बघू नका. गरम पाण्यातून निघालेला हात सगळ्यांनाच फसवतो. त्यात तुमची चूक नाही." शेवटचं वाक्य ती ज्या एकीसाठी बोलत होती, ती पायरीवर बसली होती, उजवा हात अंगापासून लांब धरून.

"ताई, म्हणजे तेव्हा तो भाजतच होता?"

"हो," थोरली म्हणाली.

घरी आल्यावर धाकटी भिंतीकडे तोंड करून निजली. चिमी थर्मामीटर धुऊन, पुसून डबीत ठेवत होती.

"बाई," ती म्हणाली. घरात ती मावशी म्हणायची. "बाळाला ताप होता तेव्हा आईनं तुला फोन केला होता. मी शेजारीच होते. आई म्हणाली, ताप उतरला. तू म्हणालीस, बरं झालं, मी पेपर तपासतेय, नंतर बोलू."

थोरलीचा हात पातेल्याच्या झाकणावर होता. तो तिथंच राहिला.

"वर्गात तर तू सगळ्यांना विचारतेस. मग आईला का नाही विचारलंस, कशानं मोजलं?"