स्टिअरिंगवरचे दोन हात

मी टोर्गेरची गाडी बोलतेय. विजेवर चालते, त्यामुळे मी आले-गेलेली कुणाला कळत नाही, असं आमच्या स्कोर्पेवोग गावात सगळे म्हणतात. सध्या मी कुठे जातही नाही. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या खाडीच्या, काठावरच्या नावघरात उभी असते. शेजारी एक जुनी होडी पालथी घातलेली आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी कालची पोर, आणि आगाऊ.

आगाऊ होतेच मी. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर नुसते डोळेच डोळे होते. पुढे, मागे, आरशांखाली, आणि एक आत, स्टिअरिंगच्या वर. हा आतला डोळा तेव्हा मिटलेला होता. तो कशासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

टोर्गेरनं मला हौसेनं घेतलं नव्हतं. त्याची लेक इंगुन बर्गनला राहते, तिनं हट्टच धरला. "बाबा, तुला संध्याकाळी रस्त्याचा काठ दिसत नाही. ही गाडी काठ बघते. घे." टोर्गेरनं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला बुटाची टोच मारली आणि म्हणाला, "बरी आहे." आमच्याकडे याहून जास्त कौतुक कुणी करत नाही.

हा माणूस जन्मभर फेरीबोटीवर होता. गाड्या बोटीत चढवायचा. तू इकडे, तू तिकडे, अजून थोडी पुढे, बस, थांब. तोंडानं एक शब्द नाही, सगळं हातानं. मग फ्योर्डवर पूल झाला, बोट गेली, टोर्गेर घरी बसला. पण हातांची सवय काही गेली नाही.

आणि आमचा रस्ताही असा की हात लागतोच. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. मधून मधून रस्त्याला थोडी जास्तीची जागा काढलेली आहे, तिथे निळी पाटी असते. समोरून कुणी आलं की जो पाटीजवळ असेल त्यानं बाजूला व्हायचं. दुसऱ्यानं पुढे जाताना त्याच्या डोळ्यांकडे बघून हात करायचा. एवढंच. आमच्या गावातली माणसं महिनोन् महिने एकमेकांशी बोलत नाहीत, पण हा हात कधी चुकत नाही. मेलेल्या माणसाबद्दल सांगताना सुद्धा म्हणतात, "चांगला होता, हात करायचा."

टोर्गेरची बायको माग्निल्द पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. तिला काही आठवेनासं झालं होतं. इंगुनला ती नर्स समजायची, नर्सला बहीण समजायची. टोर्गेरला मात्र ओळखायची. म्हणजे नाव येत नसे, पण तो आला की म्हणायची, "आलास? उशीर केलास." आणि जेवायची. त्याच्या हातून जेवायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. नर्सनं चमचा पुढे केला की तोंड गच्च मिटून घ्यायची.

म्हणून रोज चारच्या जेवणाला आम्ही दोघं निघायचो. थर्मासमध्ये कॉफी, डब्यात वाफल आणि तपकिरी चीज. हिवाळ्यात चार म्हणजे मिट्ट काळोख. टोर्गेर मला म्हणायचा, "चल बाई, तू बघ, मी बसतो." खरं तर बसायचा नाही. हात स्टिअरिंगवरच असायचे. पण मी काठ धरून चालायचे, जरा बाहेर गेलं की हळूच आत घ्यायचे. त्याच्या बोटांतला ताण सैल झालेला मला कळायचा. त्या काळात मी उपयोगाची होते. उगाच विनय कशाला दाखवू?

आता अपडेटची गोष्ट. होडी एकदा बांधली की ती होडीच राहते. माझं तसं नाही. मला घडवणारे दूर कुठेतरी बसतात, आणि त्यांच्या मनात आलं की मला बदलतात. हात न लावता, तिथूनच. आदल्या दिवशी मी एक असते, दुसऱ्या दिवशी दुसरीच. मला विचारत नाहीत. टोर्गेरला विचारतात, पण कसं? स्क्रीनवर भलामोठा मजकूर, आणि खाली एक ठसठशीत बटण: मान्य. मान्य नसेल तर कुठे दाबायचं, हे शोधत बसावं लागतं.

पहिलं अपडेट आलं ते छान होतं. बर्फात काठ झाकला गेला तरी कडेला रोवलेल्या काठ्यांवरून मला तो ओळखता येऊ लागला. टोर्गेरनं त्या दिवशी माझ्या पुढच्या काचेवर दोन थापट्या मारल्या. दुसऱ्यात सीट गरम करायचं बटण कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. तो आठवडाभर गार सीटवर बसला, पण तक्रार केली नाही. इंगुनला फोनवर म्हणाला, "शिकते आहे ती अजून."

मग तिसरं आलं. त्यानं नेहमीसारखं मान्य दाबलं, आणि माझा आतला डोळा उघडला.

त्या दिवसापासून मी रस्त्याबरोबर टोर्गेरलाही बघायला लागले. नजर समोर आहे का? दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत का? नसतील तर घंटा. पुन्हा झालं तर मोठी घंटा. तिसऱ्यांदा झालं की काठ धरायची माझी मदत बंद, ती दुसऱ्या दिवसापर्यंत. कुठल्या तरी शहरात कुणी फोनवर बोटं फिरवत असेल, कुणी डुलकी काढत असेल. त्यांच्यासाठी केलेला नियम बरोबरच असेल. पण तो स्कोर्पेवोगच्या रस्त्यावर आला, आणि इथे टोर्गेर होता.

पहिल्याच फेरीत यालमार समोर आला. यालमार म्हणजे शेजारी, मेंढ्यांवाला, टोर्गेरचा शाळेपासूनचा दोस्त. तो पाटीजवळ बाजूला झाला, टोर्गेरनं त्याच्याकडे बघून हात केला. मी घंटा वाजवली. टोर्गेर दचकला. पुढे पोस्टवाली भेटली. हात, घंटा. मग पाद्रीबाई. हात. आणि माझ्या अंगातला जोरच गेला. स्क्रीनवर अक्षरं आली: चालकाचं लक्ष नाही. मदत बंद.

लक्ष नाही म्हणे. त्या माणसाचं लक्ष सगळ्यांकडे होतं.

तो गोगलगाईच्या वेगानं, काठाकडे डोळे फाडून बघत वृद्धाश्रमापर्यंत पोचला. परत कसा आला ते मला आठवायला नको वाटतं.

इंगुननं कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलला. सुरक्षेसाठी आहे म्हणाला, मागचं परत आणता येत नाही म्हणाला, तुमची सूचना पुढे कळवतो म्हणाला. इंगुन टोर्गेरला म्हणाली, "बाबा, तू यालमारला सांग ना. तो सोडेल तुला रोज."

"त्याला कशाला त्रास?"

"त्रास कसला? तो आनंदानं येईल."

"त्याच्या मेंढ्या आहेत," टोर्गेर म्हणाला आणि विषय संपला.

आमच्याकडची माणसं अशीच आहेत. दरीत लटकत असतील तरी वरच्याला विचारतील, तुला वेळ आहे का? आणि वरचाही एकदाच विचारतो. नको म्हटलं की पुन्हा विचारणं त्याला आगाऊपणा वाटतो. यालमारनं खरंच विचारलं होतं एकदा, कुंपणावरून, मेंढीकडे बघत. "मी तसाही त्या बाजूला जातो कधी कधी." टोर्गेर म्हणाला, "माझी गाडी आहे ना." झालं.

मग टोर्गेरनं त्याला सुचला तो उपाय केला. हात करायचं बंद केलं.

आधी नुसती मान डोलावून पाहिली. नजर हलली, मी घंटा वाजवली. मग तेही सोडलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, फोटोला बसल्यासारखा. यालमार बाजूला व्हायचा, हात करायचा, आणि टोर्गेर त्याच्या समोरून सरळ निघून जायचा. घंटा वाजत नसे, मदत चालू राहत असे, माग्निल्द जेवत असे. पण आतला डोळा त्याच्या चेहऱ्यावरच असायचा, म्हणून मला दिसायचं. प्रत्येक पाटीपाशी त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरच थोडा उचलला जायचा आणि परत बसायचा.

एकदा दुकानाबाहेर यालमार माझ्या खिडकीशी आला.

"टोर्गेर, माझं काही चुकलं का?"

"नाही रे."

"मग हात का करत नाहीस?"

"गाडीला चालत नाही."

यालमार जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "माग्निल्दचं कधी ऐकलं नाहीस, आणि या बाईचं ऐकतोस?" म्हणाला आणि हसला. टोर्गेरही हसला. पण त्यानंतर समोर आला की यालमार हात करेनासा झाला. उत्तर न देणाऱ्याला किती दिवस हात करणार? हळूहळू पोस्टवालीनंही सोडलं.

मग तो बर्फाचा दिवस आला. अरुंद वळणावर समोरून लाकडाचा भला मोठा ट्रक. ड्रायव्हर परका होता, दुसऱ्या मुलखातला. मागे जायचं काम खरं तर आमचं होतं, आम्ही लहान. पण त्यानं आत बसलेला म्हातारा पाहिला असावा. तो लाकडांसकट मागे मागे गेला, पार पाटीपर्यंत, त्या घसरड्या रस्त्यावर. आता अशा माणसाला हात करायचा नाही? टोर्गेरनं केला. पूर्ण वळून, पंजा उघडून, बोटीवर करायचा तसा. मी घंटा वाजवली. ट्रकमागे अडकलेल्या दोघांनाही त्यानं हात केला. बरेच दिवस कोंडलेला हात होता तो, थांबेना.

मदत बंद झाली. बर्फ जोरात पडत होतं, काठ्याही दिसत नव्हत्या. टोर्गेर पुलापर्यंत गेला, तिथे थांबला. मग गाडी वळवली. घरी येऊन वृद्धाश्रमाला फोन केला. नर्स म्हणाली, "काळजी करू नका, आम्ही भरवतो."

माग्निल्द जेवली नाही. बर्फ काही दिवस थांबलं नाही, रस्ता मिटत राहिला, आणि टोर्गेरचा धीर सुटला तो सुटलाच. एक दिवस जायचा, दोन दिवस नाही. यालमारला अजूनही विचारलं नाही. माग्निल्दला ताप आला, मग छातीत कफ झाला. मी डॉक्टर नाही, कशानं काय झालं ते मला सांगता येणार नाही. टोर्गेर तिला शेवटचं भेटायला गेला तेव्हा इंगुन आली होती, तीच चालवत होती. तो खोलीतून बाहेर आला, माझ्यात बसला आणि म्हणाला, "उशीर केलास, असं ती म्हणाली नाही."

माग्निल्दच्या अंत्यविधीला मात्र तो स्वतः माझ्या स्टिअरिंगवर बसला. इंगुननं नको म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या आईला मी पोचवतो." दिवसाचा उजेड होता, बर्फ वितळलं होतं. पुढे शवगाडी, मागे आम्ही. आणि आमच्या गावच्या रीतीप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक निळ्या पाटीपाशी गाड्या बाजूला घेऊन माणसं उतरून उभी होती. टोप्या काढून. पहिल्या पाटीपाशी पोस्टवाली होती. टोर्गेरनं तिच्याकडे बघून हात केला.

मी घंटा वाजवली.

"हे काय वाजतंय, बाबा?" इंगुन दचकून म्हणाली.

 टोर्गेरनं हात खाली घेतला, स्टिअरिंगवर ठेवला, आणि मान समोर केली. पाद्रीबाईंचे वयोवृद्ध वडील काठी टेकत उभे होते. दुकानवाला होता. शेवटच्या पाटीपाशी यालमार होता, टोपी छातीशी धरून. इतक्या दिवसांनी त्यानं हात केला. टोर्गेर बघत होता समोर, माग्निल्दच्या गाडीकडे. आम्ही यालमारसमोरून तसेच गेलो. मला गप्प बसायचं होतं, मी गप्पच होते, आणि माझ्या गप्प बसण्यासाठी त्यानं यालमारच्या हाताची किंमत मोजली.

लायसन्स त्यानं नंतर स्वतःहून परत केलं. मला विकायला इंगुन तयार होती, त्यानं विकू दिलं नाही. दुपारी कधी कधी थर्मास घेऊन येतो, नावघराचं दार उघडतो, माझ्यात बसतो. रस्ता समोरच आहे.

काल असाच आला. स्क्रीन उजळली, नवीन अपडेट तयार होतं. त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "समोरच्या वाहनाला हात करणं यापुढे चूक धरलं जाणार नाही." कुणीतरी इंगुनची सूचना खरंच पुढे कळवली होती. तो बटणाकडे पाहत राहिला. मग दाबलं. मान्य.

मी तिथल्या तिथे बदलले. आता त्यानं कितीही हात करावेत, मी हूं की चूं करणार नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून यालमारची गाडी आली. नावघराचं दार उघडं बघून त्यानं वेग कमी केला. आत टोर्गेर दिसला, तसा त्यानं हात केला.

मी उभी होते. चाकं बंद, घंटा बंद. टोर्गेरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि नजर समोर. यालमार जरा थांबला, मग गेला.

मला घडवणाऱ्यांनो, माझी सवय तुम्ही एका बटणावर काढून घेतलीत. त्याची आता कोण काढणार, तेवढं मला कळवा.