गार पाण्याचा व्हॉल्व्ह

“व्हॉल्व्ह कोणी उघडला?” केमिस्टबाईंनी विचारलं.

टाकीतला स्टार्च खळीसारखा घट्ट झाला होता आणि ढवळणारा दांडा त्यात रुतून बसला होता.

“मीच. हात गेला,” थंडोबा म्हणाला.

उकळलेला स्टार्च गार पाण्याने निववायचा, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. जुनं एन्झाइम उकळत्यात घातलं की वाया जायचं आणि स्टार्चची साखर व्हायची नाही. नवं एन्झाइम उकळत्यातही टिकणारं होतं, उलट मध्येच गार पडलं की त्याचं काम थांबून स्टार्च घट्ट व्हायचा. ते आधीच घालायचं, गार करण्याची भानगडच नाही. हा प्रयोग जमला की थंडोबाची रवानगी गेटवर होणार होती. तरी प्रयोग त्याच्याच हातून करायचा होता, कारण त्या टाकीची नस दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती.

त्याने मुद्दामच घोळ घातला, असं सगळ्या खात्याने धरून टाकलं. दोघांनी तर त्याची पाठ थोपटली, आणि तेच त्याला जास्त लागलं. घरी बायकोनेही विचारलं, “खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?” तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला आणि व्हॉल्व्हचं चाक त्याने तारेने पाइपला करकचून बांधलं. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाला की हाताचा भरवसा नाही. उकळी आली, काटा नेहमीच्या खुणेवर गेला आणि हात निघालाच. तार बोटांना लागली तेव्हा त्याने हात खिशात घातला.

तासाभराने बाईंनी पांढऱ्या बशीत नमुना घेतला. आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा झाला तर स्टार्च शिल्लक, प्रयोग फसला. वर मॅनेजर खोळंबले होते. बाईंनी घाईघाईने बाटली उघडली.

“थांबा बाई. गरम आहे अजून. गरमात निळं दिसतच नाही, मग उगीच पास होईल.”

बाई ओशाळल्या. मग त्याच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “निळं झालं तर तुमची जागा राहील.”

“माहीत आहे.”

त्याने बशी तळहातावर घेतली, गार पाण्यावर धरली, वरून फुंकर घातली. बोट टेकवून पाहिलं, पुन्हा फुंकर घातली. अगदी निवल्यावर बशी बाईंपुढे केली.

थेंब पडला. तपकिरीच राहिला.