एकेचाळिसावी टाचणी

मी एक जुनी टाचण्यांची उशी आहे. शिवणाऱ्या बायका मनगटावर बांधतात तशी. मित्रांनो, माझ्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. त्यांच्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही मी त्यांच्या डाव्या मनगटावर होते. दुपारी त्यांची लेक एक झगा घेऊन आली.

"आई, एवढा घेर दुमडून दे ना. पुढच्या महिन्यात शो आहे."

"घरी बसवलेल्या बाईला कशाला त्रास?"

"आई, पुरे हं."

"बरं बाई, ठेव तिथे. आणि जेवून जा. रॅम्पवर तुला थोडंच चालायचंय!"

लेक हसली, जेवली. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून दारात थांबली. तेवढ्यात फोन वाजला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उठल्याच नाहीत.

माझा जन्म बावीस वर्षांपूर्वीचा, शहराच्या पहिल्या फॅशन वीकच्या वेळचा. म्हणायला वीक, होती एकच संध्याकाळ. शाळेचं सभागृह, बाकं जोडून केलेला रॅम्प आणि चादरीमागे एकच आरसा. लेक तेव्हा अठरा वर्षांची होती. शोसाठी तिने हौसेने वेणी कापली. मावशींनी ती फेकली नाही. मखमलीच्या तुकड्यात ते केस ठासून भरले आणि मला शिवलं. केसांना तेल असतं, म्हणून टाचण्या गंजत नाहीत.

माझ्यात चाळीस टाचण्या, सगळ्या साध्या डोक्याच्या. शोआधी चाळीस, शोनंतर चाळीस. एक कमी भरली तर मावशी कुणाला हलू देत नसत. "मॉडेलला सापडायच्या आधी मला सापडू दे," म्हणत.

पुढे एका संध्याकाळचे तीन दिवस झाले, मग खरोखरच आठवडा झाला. सभागृह सुटलं, बंद कारखान्याची शेड आली, मग काचेचा मोठा हॉल. दूरदेशीचे खरेदीदार आले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी रुसवेफुगवे सुरू झाले. डिझायनर म्हणून लेकीचं नाव पोस्टरवर झळकलं. शेवटी टाळ्या घ्यायला ती रॅम्पवर जाई आणि मावशी पडद्याच्या फटीतून बघत. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त 'मदतनीस' असे. पडद्यामागे आता वीस आरसे होते, पण आमच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती.

गेल्या वर्षी एक मॉडेल रॅम्पवर मध्येच कळवळली. पांढऱ्या झग्यावर रक्ताचा ठिपका उमटला. पडद्यामागे लेक सगळ्यांसमोर ओरडली, "आई, तुला दिसत नाही आता! मोजल्या नव्हत्यास का?"

मावशींनी अस्तरातून टाचणी काढली. तिला निळा मणी होता. तशा टाचण्या फक्त लेक वापरायची. घाईत झग्याची कंबर तिनेच टाचली होती. मावशींनी मणी पाहिला. लेकीनेही पाहिला. मावशींनी ती टाचणी पटकन माझ्यात खोचली, मणीसुद्धा दिसू नये इतकी खोल.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांना बोलावणं आलं नाही.

मावशी गेल्यावर मी महिनाभर खणात पडून होते. केसांतलं तेल सुकत आलं होतं, टाचण्यांवर तांबूस डाग पडू लागले होते. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण आम्ही खणात वाट पाहू शकतो. माणसांना तेवढा वेळ नसतो.

यंदा शोच्या दिवशी लेकीने मला मनगटावर बांधलं आणि टाचण्या मोजू लागली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग तिच्या बोटाला मखमलीखाली काहीतरी टणक लागलं.

शेजारी इस्त्रीवाले काका कपडे लावत होते. "मावशींचीच ना ही?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाच चुकल्या बिचाऱ्या. वय झालं होतं, दुसरं काय!"

शिवणाऱ्या मुलींनी माना डोलावल्या. बाहेर संगीत सुरू झालं. कुणीतरी लेकीला हाक मारली, पण ती हलली नाही. तिने ती टाचणी उपसली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"काका, ही माझी आहे. मला तेव्हाच कळलं होतं." मग ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "आई, तुझ्या चाळीसच्या चाळीस बरोबर होत्या."