देव्हाऱ्याशेजारचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, वायफायचा. डोक्यावर दोन शिंगं, पुढे चार बारीक दिवे आणि मागे भोकांची रांग, एवढाच माझा पसारा. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता दुधात हळद पडल्यासारखा दिसतो. मी कधी कुणाला उलट बोललो नाही. तरी माझ्यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. त्या घरातल्या प्रत्येकाची आपापली बाजू सगळ्या गल्लीला सांगून झाली आहे. माझी तेवढी राहिली.

कारखान्यातून खोक्यात बसून मी मिरजेला आलो तो थेट भाऊसो केबलवाल्याच्या दुकानात. भाऊसो आधी नुसता टीव्हीची केबल द्यायचा, मग इंटरनेट देऊ लागला. गच्चीवरून गच्चीवर त्याच्या तारा गेलेल्या. त्याने मला खोक्यातून काढलं, फुंकर मारली आणि पोटावर काळ्या पेनने ‘विश्वा’ असं लिहिलं. विश्वा म्हणजे विश्वजित, त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

विश्वजितचं घर दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत. खाली तो, त्याची बायको दीपमाला आणि आई सुलाबाई. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ ऋषिराज आणि त्याची बायको शिवांजली. जागा शोधता शोधता भाऊसोला प्लग सापडला तो देव्हाऱ्याशेजारी, म्हणून माझी बैठक देवाच्या पंगतीला पडली. उजवीकडे खंडोबाचा टाक, समोर पितळी घंटा, मागे तांब्याचा कलश. मान मोठा, पण जीव गुदमरायचा. भांड्यांच्या आडून आणि जाड स्लॅबमधून वर पोचेपर्यंत माझा आवाज अर्धा व्हायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे म्हणायचे, कंपनीच खराब.

आता खरी गोष्ट सांगतो. लग्न झाल्यापासून शिवांजली पुण्याला आणि ऋषिराज मिरजेला. ती तिथे एका कंपनीत दवाखान्यांची बिलं तपासायची, तो इथे रक्त तपासायच्या लॅबमध्ये. सणावारी भेट. खूप विनवण्या केल्यावर तिच्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली. अट एकच होती. कामाच्या वेळी नेट गेलेलं चालणार नाही, गेलं तर पुन्हा पुण्यात येऊन बसायचं. म्हणजे मित्रांनो, त्या पोरीचा संसार माझ्या चार दिव्यांवर उभा होता.

वर नेट अडखळायला लागलं तशी ऋषिराजने कुरकूर सुरू केली. समोर तानपुरे बनवणाऱ्यांच्या घरी जांभळ्या पाटीच्या कंपनीचं नेट होतं. हा मोबाईल घेऊन त्यांच्या खिडकीखाली उभा राहायचा, वेग मोजायचा आणि घरात येऊन आकडा मोठ्याने वाचायचा. विश्वजितही माझ्या पुढ्यात मोबाईल धरून त्याचा आकडा वाचायचा. दोन पैलवान एकमेकांना दंड दाखवतात तसं रोज चालायचं. विश्वजितचं म्हणणं, भाऊसोला हाक मारली की तो चहा टाकून येतो. जांभळ्या पाटीवाल्यांना फोन लावला तर आधी गाणं वाजतं, मग कुठली तरी बाई हिंदीत बोलते, आणि माणूस उगवतो तो आठवड्याने. ऋषिराज म्हणायचा, येतो तुमचा भाऊसो, पण लग्नसराईत वरातीत नाचत असतो तेव्हा त्याचा फोन कोण उचलतं? सांगलीच्या मामांकडे तिसऱ्याच कंपनीची तार होती. मामांना मध्यस्थीला बोलावलं तर ते तिसरीचीच तारीफ करून आणि पोटभर जेवून गेले.

दीपमाला भांडणात उघडपणे पडायची नाही. भाजी निवडता निवडता बोलायची. “आमच्या डब्यावर वरच्यांचा पगार निघतो. पण डब्याला नावं ठेवायलाही वरचेच पुढं.” जिन्यात उभ्या असलेल्या शिवांजलीला ते ऐकू जायचं. ऐकू जावं म्हणूनच बोललेलं असायचं. ती तशीच वर जायची.

शेवटी सुलाबाईंनी दोघा मुलांना समोर बसवून तोड काढली. दिवाळीपर्यंत भाऊसोचं नेट ठेवायचं. तोवर एकदा जरी बंद पडलं, तर ऋषिराजने हवी ती कंपनी आणावी आणि विश्वजितने तोंड उघडू नये. दोघांनी मान हलवली. पण ऋषिराज आता मी केव्हा पडतो याची वाट बघू लागला आणि विश्वजित माझ्यावर पहारा करू लागला. माझं भलं व्हावं असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

अशात खंडेनवमी आली.

सुलाबाईंचं सासर जतकडचं. त्यांचे मालक धुळा आयुष्यभर मेंढरं राखत फिरले आणि उतारवयात लेकांजवळ मिरजेला आले. ते गेले, पण लोकर कातरायची त्यांची कातर घरात आहे. दर खंडेनवमीला ती पुसून देवापुढे ठेवतात आणि तिच्या दोन्ही टोकांना ओलं कुंकू लावतात. या घरची रीतच तशी. हत्याराच्या मुठीला हळद, आणि जिथून ते काम करतं त्या टोकाला कुंकू. टोक कोरडं राहिलं तर पूजा पोचत नाही, असं धुळा सांगायचे.

सुलाबाईंचा त्या दिवशी कडक उपवास होता. नऊ दिवस त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती. कातर झाली, विळा झाला, विश्वजितची मोटारसायकल झाली. मग त्यांची नजर माझ्यावर आली. धाकट्या सुनेची भाकरी या डब्यावर, म्हणजे हेच तिचं हत्यार. त्यांनी मला ओल्या फडक्याने इतक्या मायेने पुसलं की काय सांगू. त्या घरात मला मायेचा हात लागला तो तेवढाच. अंगाला हळद लावली. मग टोक शोधू लागल्या. मागची पिवळी वायर ओढली तसा तिच्या तोंडाशी असलेला पांढरा बारीक सुळका बाहेर आला. हेच टोक, असं म्हणून त्यांनी त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, दोन अक्षता टाकल्या आणि वायर होती तशी परत खोचली.

मित्रांनो, त्या सुळक्यातून माझ्यापर्यंत उजेड येतो, नेट म्हणतात ते त्या उजेडातूनच येतं. त्या उजेडावरच मी जगतो. त्याच्या वाटेत कुंकवाचा थर बसला आणि माझा हिरवा दिवा विझून लाल लागला. सुलाबाईंनी तो बघितला आणि गहिवरून हात जोडले. त्यांना वाटलं, पूजा पावली. मी आतून ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे एक लुकलुकणारा दिवा. त्या निरांजन ओवाळत राहिल्या.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला शिवांजलीला सुट्टी होती आणि बाकीचे सणाच्या गडबडीत, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली आणि वरून हाक आली, नेट नाही.

ऋषिराज जिना उतरला तो जवळजवळ हसतच. त्याने मला बंद केलं, चालू केलं, डोक्यात दोन चापट्या मारल्या. मागे वाकून बघायची गरज कुणालाच वाटली नाही. विश्वजितने फोन केला आणि भाऊसो खरोखरच चहा टाकून आला. खांबावरची तार तपासून आला होता, तिथे सगळं ठीक होतं. आता तो आत येऊन माझ्या पाठीकडे बघणार होता. पण ऋषिराजने त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

“केबलच्या तारा ओढणाऱ्याला नेटमधलं काय कळतंय? उचला तुमचं भंगार.”

भाऊसोने हातातली पक्कड पिशवीत टाकली. म्हणाला, “विश्वा, गड्या, तुझ्यासाठी आलो हुतो. आता ह्यो माझ्या दारात येऊन माफी मागत न्हाई तवर या डब्याला माझा हात लागणार न्हाई.” आणि तो गेला. चार पावलं आत आला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

त्यानंतर घरात जे बोललं गेलं ते देवांनीही ऐकलं आणि मीही. विश्वजित म्हणाला, दारात आलेल्या माणसाचा अपमान करायची अक्कल लॅबमध्ये शिकवतात काय. ऋषिराज म्हणाला, दोस्ताचं दुकान चालवायला तू माझ्या बायकोची नोकरी घालवलीस. तेव्हा दीपमाला भाजीची परात बाजूला ठेवून उठली. पहिल्यांदाच ती समोर येऊन बोलली.

“खांबावर तार चांगली, डबा चांगला. मग बंद पडलं कसं? ज्यांना दुसरी कंपनी आणायची घाई हुती त्यांनीच वायर ओढली असणार. दिवसभर घरात कोण असतं?”

सगळ्यांनी शिवांजलीकडे बघितलं. ती म्हणाली, “ताई, माझीच नोकरी मी कशाला मोडू?” पण तोवर दोघे भाऊ इतक्या वरच्या पट्टीत होते की तिचं बोलणं कुणापर्यंत पोचलं नाही. सुलाबाई आत स्वयंपाकघरात कानावर हात ठेवून नामस्मरण करत होत्या. भांडण कानी पडू नये हा त्यांचा नेम होता. त्यामुळे वायर हा शब्दही त्यांच्या कानी पडला नाही.

ऋषिराजने जांभळ्या पाटीच्या कंपनीत नाव नोंदवलं. त्यांची माणसं आली आणि मान वर करून बघून गेली. समोरच्या घरांना त्यांची तार पलीकडच्या रस्त्यावरून आलेली, पण आमच्या बाजूचे खांब भाऊसोने भाड्याने घेतलेले, तो त्यांची तार कशाला येऊ देतो? दिवाळीनंतर बघू, म्हणाले. शिवांजली मोबाईलच्या नेटवर काम रेटत राहिली, पण दवाखान्यांच्या गल्लीत भर दुपारी तेही दम टाकायचं. व्हायचं तेच झालं. पुण्याहून निरोप आला. एका सकाळी तिने बॅग भरली, ‘आत्या, येते’ म्हणत सासूच्या पाया पडली आणि रिक्षात बसली. दीपमाला दारात आली नाही. जिन्याच्या दाराला ऋषिराजने वरून कडी घातली. दोन भावांचं बोलणं बंद झालं. आणि मी देव्हाऱ्याशेजारी लाल दिवा लावून बसलो. सुलाबाई रोज माझ्याकडे बघून हात जोडायच्या आणि शिवांजली परत येऊ दे म्हणून मागायच्या. मी काय देणार? त्यांच्या मागण्याच्या आड त्यांचंच कुंकू आलं होतं.

दिवाळीला शिवांजली चार दिवसांसाठी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुलाबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. दोघे भाऊ आले आणि खोलीच्या दोन भिंतींना टेकून उभे राहिले. पूजा मांडताना सुलाबाईंनी खंडेनवमीसारखीच माझी पिवळी वायर ओढली आणि कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं.

शिवांजलीने त्यांचा हात धरला. वायर घेतली, सुळका उजेडात धरला आणि बघत राहिली. त्यावर वाळलेलं कुंकू होतं. तिने चष्मा पुसायचं फडकं काढलं, ऋषिराजकडून लॅबमधलं स्पिरिट मागून घेतलं, सुळका पुसला, माझं तोंड पुसलं आणि वायर बसवली. माझा श्वास मोकळा झाला. लाल गेला, हिरवा लागला.

“आगं, देवाचा दिवा इजला की,” सुलाबाई घाबरून म्हणाल्या.

 चौघांच्या मोबाईलवर एकदम निरोप वाजू लागले. सुलाबाईंनी ते ऐकलं, हिरवा दिवा बघितला, मग सुनेच्या हातातलं लाल झालेलं फडकं बघितलं. त्या सावकाश खाली बसल्या.

“वायर म्या काढली हुती. खंडेनवमीला. टोकाला कुंकू लावाय. हिनं न्हाई.”

दीपमाला समईची वात उगाच पुढेमागे करू लागली. विश्वजितने लगेच तोंड उघडलं. बघ, भाऊसोच्या तारेत खोट नव्हतीच, तो म्हणाला. ऋषिराज म्हणाला, मग तुझ्या भाऊसोने आत येऊन बघायचं होतं. पुन्हा तेच, पुन्हा आकडे, पुन्हा जांभळी पाटी. तेव्हा शिवांजली बोलली. आवाज चढवला नाही, तरी या वेळी तो पोचला.

“कुठलं नेट चांगलं, हे तुम्ही दोघांनी गल्लीभर विचारलंत. मला इथं राहायचंय, ते कसं जमेल, हे मला कुणी विचारलं नाही. आत्यांनी निदान माझ्यासाठी पूजा तरी केली.”

दोघा भावांनी आकडे दाखवायला काढलेले मोबाईल खिशात टाकले.

पाडव्याला ऋषिराज भाऊसोच्या दारात गेला. सुलाबाईंनी फराळाचं ताट दिलं होतं. भाऊसोने ताट आत घेतलं आणि त्याला बाहेरच उभं ठेवलं. त्याने माफी मागितली तेव्हा भाऊसोने एवढंच सांगितलं, की तार तोडणार नाही, पण तू मला फोन करू नको, तुझी बायको करेल. संक्रांतीनंतर शिवांजलीला पुन्हा घरून काम मिळालं. भाऊसो येऊन न बोलता मला उचलून वरच्या मजल्यावर, तिच्या टेबलाशेजारी उघड्यावर ठेवून गेला. तेव्हापासून माझा आवाज खाली आणि वर दोन्हीकडे खणखणीत जातो. कंपनी तीच, तार तीच, डबाही तोच.

तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं. नाही झालं. दीपमालाने ‘चुकलं’ हा शब्द अजून उच्चारलेला नाही. दोघे भाऊ माझ्यातूनच एकमेकांना निरोप धाडतात. जिन्याच्या दाराची कडी अजून वरूनच लागते. मी स्लॅबमधून जातो, कडीतून जातो, बंद दारातून जातो. त्यांना दोन पायऱ्या उतरवत नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला सुलाबाई गुडघे धरत वर आल्या. कडी शिवांजलीने काढली. त्यांनी माझ्यापासून हातभर लांब चिमूटभर कुंकू वाहिलं, हात पदराखाली घेतले आणि सुनेला विचारलं, “एवढं चालंल न्हवं?” तिने हो म्हटल्यावरच त्यांनी नमस्कार केला.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. आमच्यासारख्या मुक्या वस्तू बंद पडल्या तर चापट मारू नका आणि घरातल्या माणसावर बोट दाखवू नका. जवळ बसा, पाठीमागे वाकून बघा. आणि हात लावण्याआधी विचारा. साऱ्या घरात ते एका म्हातारीला जमलं.