पिवळ्या चट्ट्याचा काप

"जरा गप्प बसा, हात हलतो माझा," तिनं नवऱ्याला दटावलं. पान हलू नये म्हणून गाजराला पाडलेल्या फटीत टोमॅटोचं पान धरून ती वस्तऱ्यानं त्याचे काप काढत होती, पलीकडचं दिसेल इतके पातळ. प्रयोगशाळेत हे काम तिच्याइतकं सुबक कुणाला जमत नसे आणि ती ते खुशाल बोलूनही दाखवायची. खोटा विनय तिच्या अंगातच नव्हता.

नवरा शेजारच्या काचघराचा माळी. टोमॅटोचं हे नवं वाण त्यानं वर्षानुवर्षं निवडून, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्याच्याच पानांवर आता पिवळे चट्टे उमटले होते.

"खत कमी पडलंय, दुसरं काय."

"बघू की. पान काही तुमची भीड धरणार नाही."

तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. हिरव्या भागातल्या पेशी उंच, खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. चट्ट्यात त्याच पेशी बुटक्या आणि गोल झालेल्या, आतले हिरवे कण मोजकेच, तेही एकमेकांना चिकटलेले. खालच्या हवेच्या पोकळ्याही बुजत चालल्या होत्या. काप मात्र फक्कड उतरला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पाहिलं. "विषाणूच हा. बियाण्यातूनच आलेला दिसतोय. झाडं उपटा आणि साठवलेलं बीही जाळा."

तो तडक बाहेर गेला. तिनं त्याला पंपाच्या खोलीमागे गाठलं आणि त्याचा हात सरळ आपल्या नाकाशी नेला.

"सिगारेट सुटली म्हणाला होतात."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"कपडे कोण धुतं तुमचे? अहो, तंबाखूतून हाच रोग येतो. सिगारेट ओढायची आणि त्याच बोटांनी कोंब खुडायचे."

"हात धुतो की मी."

"साबणानं?"

त्यानं हात मागे घेतला आणि हळूच म्हणाला, "सिगारेट यंदाच पुन्हा लागली गं. बी मागच्या हंगामातलं आहे. त्याला काही झालेलं नाही."

"हे कुणीतरी सांगायला हवं. बोललं तर तुमचं नाव जाईल, नाही बोललं तर बी जाईल."

"तू नको बोलूस. मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं, सगळ्यांच्या देखत. "माझ्या हातानं झालं, मॅडम. मला काढून टाका हवं तर. बी जाळू नका."

मॅडमनी खिडकीतून काचघराकडे पाहिलं. "बी राहू दे. तपासून पेरू. पण आजचं काम उरकलं की तुम्ही काचघरात यायचं नाही. कधीच."

"बरं," तो म्हणाला.

एकेक झाड त्यानं स्वतः उपटून पोत्यात भरलं, कुणाला हात लावू दिला नाही. ती काचेबाहेर उभी होती. तिला वाईट वाटत होतं आणि अभिमानही, दोन्ही एकदमच. भांडारातला कारकून कुतूहलानं डोकावला, तेव्हा ती ताठ मानेनं म्हणाली, "आमचे हे आहेत."

काम संपवून तो दाराशी आला आणि थबकला. कडीला बोटं लागू नयेत म्हणून त्यानं दोन्ही हात अंगापासून दूर धरले होते. तिनं पुढे होऊन दार उघडलं आणि तो बाहेर येईपर्यंत धरून ठेवलं.

"या," ती म्हणाली.